दर्यात सोडलेली कासवे

१८ फेब्रुवारी २०२० रोजी आर्थरच्या बँक खात्यात सतरा हजार चारशे पन्नास रुपये जमा झाले. आर्थर उत्तनचा मच्छीमार. आदल्या नोव्हेंबरात दर्यात खुंटांना बांधलेल्या त्याच्या डोल जाळ्याच्या पिशवीत परातीएवढे समुद्री कासव अडकले होते. श्वासाला वर येता न आल्याने ते अर्धमेले झाले होते. आर्थरने मागचापुढचा विचार न करता सुरीने पिशवी टराटरा कापली आणि कासव पाण्यात सोडून दिले. त्याचा भाचा रॉनी तेव्हा बोटीवरच होता. त्याने मोबाइलवर सगळे टिपले. असे जाळे कापावे लागले तर सरकार भरपाई देते, हे रॉनीला ठाऊक होते, आर्थरला नव्हते. अर्जही रॉनीनेच भरला.

पैसे आले तेव्हा आर्थरची बायको फ्लोरिन म्हणाली, "एवढ्यात जाळं काय नवीन येत न्हाय. पण नवरा माझा मोठा झाला."

आणि खरोखरच तो मोठा झाला. चर्चच्या हॉलमध्ये सत्कार झाला, शाल आणि श्रीफळ मिळाले, कासवाला उचलून धरलेला आर्थरचा फोटो मोठा करून हॉलच्या भिंतीवर लागला. सत्काराला आलेल्या पाहुण्यांपैकी एकाने भाषणात सांगितले, "कासव दिसलं की आर्थर यांच्यासारखं करा. समुद्रात सोडा." टाळ्या पडल्या. पाहुणा समुद्री कासवांविषयी बोलत होता आणि ऐकणारे सगळे दर्यावर जगणारे होते. त्यामुळे कुठली कासवे, हे त्याने सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

आर्थर तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता. सहावीतून शाळा सोडल्यापासून तो बोटीवर होता. गुडघे दुखायला लागले होते, बोट हळूहळू रॉनीच्या हातात गेली होती. गावात त्याला फारसे कोणी विचारत नसे. तो भांडत नव्हता, पीत नव्हता, चर्चच्या कमिटीत नव्हता. सत्कारानंतर मात्र पोरे त्याला कासवबाबा म्हणू लागली. मासळी बाजारात अनोळखी बायका ओळख दाखवू लागल्या. साठीकडे झुकताना माणसाला असे नाव मिळाले की ते अंगाला चिकटते. आर्थरला ते मनापासून आवडले.

त्याच पावसाळ्यात डोंगरीकडून एक गवंडी मोटारसायकलवरून आला. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत त्याने काहीतरी आणले होते.

"कासवबाबा तुम्हीच ना? हे रस्त्यात सापडलं. चाकाखाली येणार होतं."

गोणीतून निघाले ते ताटलीएवढे कासव. पाठ मऊ, चामड्यासारखी, मातकट हिरवी. नाक पुढे आलेले, डुकराच्या नाकाच्या नळीसारखे. पाय वल्ह्यासारखे चपटे नव्हते. नख्या असलेले पंजे होते. घाबरून त्याने पाय आत ओढले आणि पोटाकडच्या कातड्याची झाकणे त्यांवर बंद करून घेतली.

जाळ्यात सापडणारे कासव असे नसते, हे आर्थरने लगेच ओळखले. पण त्याने आपल्या परीने त्याचा अर्थ लावला. दर्यातले कासव जमिनीवर येते ते अंडी घालायला, आणि काम झाले की परत दर्यात जाते. म्हणजे जमिनीवर दिसलेले कासव वाट चुकलेले असणार. हे लहान जातीचे असेल, खाडीतून वर चढले असेल, एवढेच. त्याने त्याला टोपलीत घातले, रॉनीच्या बोटीतून खडकांच्या पलीकडे नेले, क्रूस केला आणि पाण्यात सोडले.

"जा गो बाय, घरी जा."

कासवाने बुडी मारली आणि ते दिसेनासे झाले. आर्थर समाधानाने परत आला.

मग अशी कासवे येतच राहिली. उत्तन, डोंगरी, पाली, चौक ही गावे म्हणजे भाईंदरच्या पश्चिमेचे धारावी बेट. मोरवा गावावरून रस्ता झाल्यापासून बेट हे नावापुरतेच राहिले आहे. टेकडीमागे भातखाचरे होती आणि खाचरांच्या कडेला गोड्या पाण्याची जुनी तळी होती. शेती परवडेना तशी खाचरे विकली गेली. विकत घेणाऱ्याला तळ्याचा उपयोग नसतो. डंपर यायचे, डेब्रिज ओतायचे, तळे बुजायचे आणि दोनचार दिवसांत कोणीतरी टोपली, बादली नाहीतर गोणी घेऊन आर्थरच्या दारात उभे राहायचे. कधी आर्थर स्वतः सोडायला जाई, कधी रॉनी मासेमारीला निघताना घेऊन जाई. पुढे पुढे लोकांना आर्थरचीही गरज उरली नाही. रस्त्यात कासव दिसले की ते थेट किनाऱ्यावर नेऊन सोडायचे, हे गावाच्या अंगवळणी पडले. शाळेत निबंध लिहिले गेले. कोणी कासवाला दगड मारला तर म्हाताऱ्या ओरडत. साऱ्या पंचक्रोशीत कासवांना इतके प्रेमाने वागवणारे गाव दुसरे नसेल.

२०२४ च्या ऑक्टोबरात सुरुची आली. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी, चाळिशीची बाई. आईवडील गिरगावातली खोली विकून मीरा रोडला हाटकेशला आले, तेव्हापासून तिथलीच. सुट्टीच्या दिवशी ती गावोगावची तळी पाहत फिरे. चेणे गावाच्या बाजूला तिला गोड्या पाण्यातली कासवे बऱ्यापैकी सापडली होती. धारावी बेटावर मात्र सगळीकडे एकच उत्तर मिळत होते: पूर्वी होती, आता दिसत नाहीत. शेवटी कोणीतरी तिला आर्थरचे घर दाखवले.

फ्लोरिनने चहा केला. आर्थर खुशीत होता. कॉलेजातली बाई आपल्याला विचारायला आली होती.

"तुम्ही किती सोडली असतील, अंकल?"

"मोजायला ती काय मासळी हाय? पण सोडली बरीच. रॉनीने सोडली ती वेगळी. गावाने सोडली ती वेगळी."

सुरुचीने मोबाइलवर एक फोटो दाखवला. "अशी?"

"हीच. नाक बघा कसं! फ्लोरिन म्हणते, आर्थर, तुझ्यासारखं."

फ्लोरिन हसली. सुरुची हसली नाही. तिने कप खाली ठेवला. पुढचे सांगताना ती आर्थरकडे न बघता फोटोकडे बघत होती.

"अंकल, हे समुद्राचं कासव नाही. हे तळ्यातलं. गोड्या पाण्यातलं. उन्हाळ्यात स्वतःला चिखलात पुरून घेतं, पावसात खाचरांतून फिरतं. समुद्रात ते जगत नाही."

"कोण म्हणतं? मी डोळ्यांनी बघितलंय. पाण्यात घातलं की बुडी मारून सरळ आत जातं."

"जातं. एक-दोन दिवस जातं."

फ्लोरिन समजायचे ते समजली. दर पावसाळ्यापूर्वी ती सुरमई, मांदेली मीठ लावून बरणीत भरत असे.

"म्हणजे मासळीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तसं?" तिने विचारले.

"साधारण तसंच," सुरुची म्हणाली. "फक्त जिवंतपणी."

मग सुरुचीने धीर द्यायला म्हटले, "तळी तुम्ही नाही बुजवलीत, अंकल. तळं बुजल्यावर ती रस्त्यावरच मेली असती."

"मेली नसती. आमच्या दारात आली होती," आर्थर म्हणाला. "दुसऱ्या तळ्यात सोडली असती तर?"

सुरुचीने खोटे बोलायचे टाळले. "तर बरीचशी जगली असती."

तिने आणखी एक गोष्ट सांगितली. आपल्याला मोरव्याचा रस्ता आहे म्हणून बेट वाटत नाही. कासवाला ते अजूनही बेटच आहे. एका बाजूला समुद्र, बाकी बाजूंना खाडी, खाजण आणि मिठागरे. चेण्याला कितीही कासवे असली तरी ती खाऱ्या पाण्यातून इकडे येणार नाहीत. इथली संपली की संपली.

"आता किती उरली?" फ्लोरिनने विचारले.

"मला सापडली ती दोन. एक मोठी मादी आणि एक लहान नर. टेकडीमागे वडाजवळचं तळं आहे ना, त्यात."

"ते तर माझ्या माहेरचं तळं!" फ्लोरिन म्हणाली.

मादीच्या पोटात अंडी असावीत असा सुरुचीचा अंदाज होता. डिसेंबराच्या सुमारास ती काठावर मातीत अंडी घालायला बाहेर येईल. पण तळ्याचा मातीचा उतार ज्या बाजूला होता, तिथे एका रिसॉर्टने नुकतीच कंपाउंडची भिंत बांधली होती. मादी जागा शोधत भिंतीच्या कडेने रस्त्यावर येणार, हे उघड होते. आणि रस्त्यावर ती कोणाला दिसली तर गाव तिचे काय करणार, हेही उघड होते.

"अंकल, तुम्ही गावाला सांगा," सुरुची म्हणाली. "मी सांगून कोण ऐकणार? समुद्रात सोडायचं तुमच्यामुळे सुरू झालं. ते तुमच्याच शब्दाने थांबेल."

आर्थरने मान डोलावली.

चर्चचे तरुण धर्मगुरू फादर शेन लगेच तयार झाले. "रविवारी मिस्सा संपली की दोन मिनिटं बोला, आर्थर अंकल. मी तुम्हाला खूण करतो."

नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी फादरांनी खूण केली. आर्थर दुसऱ्या बाकावर बसला होता. त्याने मान खाली घातली आणि जपमाळेचे मणी चाचपत राहिला. फादर थोडे थांबले आणि त्यांनी दुसऱ्या सूचना वाचून दाखवल्या. पुढच्या रविवारी आर्थरने घसा बसल्याचे सांगितले. त्याच्या पुढच्या रविवारी चित्रकला स्पर्धेची बक्षिसे होती. हॉलमध्ये ओळीने चित्रे लावली होती: निळा दर्या, पिवळी बोट, बोटीत एक माणूस, हातात हिरवे कासव. त्या दिवशी तर तो मिस्सा संपण्याआधीच उठून निघून गेला.

घरी फ्लोरिन म्हणाली, "कन्फेशनला पडदा असतो ना, तसा पडदा लावून देऊ काय तुला? पडद्याशिवाय तुझं तोंड उघडत न्हाय."

"सांगणार हाय गो मी."

"कधी? नाताळला? केक वाटताना?"

"पोरांची चित्रं बघितलीस?"

"बघितली. म्हणून तर म्हणतेय."

आर्थरने वेगळा मार्ग काढला. तो रोज सकाळी काठी टेकत टेकडीमागे जाऊ लागला. तळ्याच्या अलीकडच्या काठावर त्याने फावड्याने दगड बाजूला केले, घमेल्याने माती आणून उतार करून दिला. त्याचे काम रॉनीच्या कानावर गेले नाही, कारण आर्थरने ते कोणालाच सांगितले नव्हते. दुपारपर्यंत तो वडाखाली बसून राही. कधी पाण्यावर नळीसारखे नाक वर येई, श्वास घेऊन खाली जाई. मादीचे नाक जाड होते, नराचे बारीक. त्याला ती दोघे ओळखू येऊ लागली. मी स्वतः राखण करतोय, मग गावाला सांगायची घाई कशाला, असे त्याने मनाशी ठरवून टाकले. अंडी एकदा मातीत गेली की सांगू. तेव्हा सांगायला काही चांगलेही असेल. चूक झाली, पण हे बघा, पिल्ले येणार आहेत, असे सांगता येईल. नुसती चूक घेऊन उभे राहण्यापेक्षा ते बरे, असे त्याला वाटत होते.

डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यात त्याची दाढ ठणकू लागली. दोन दिवस लवंग धरून काढले. तिसऱ्या दिवशी गाल सुजला तेव्हा फ्लोरिनने त्याला जबरदस्तीने भाईंदरला दाढ काढायला नेले. परत यायला दुपार झाली. तोंडात कापूस धरून आर्थर ओट्यावर बसला होता. तेवढ्यात रॉनी बोटीवरून आला. अंगाला मासळीचा वास, चेहरा हसरा.

"मामा, आज तुमचं काम मी केलं!"

आर्थरने नुसते वर पाहिले. तोंड उघडता येत नव्हते.

"पहाटे बर्फ आणायला चाललो होतो. ते रिसॉर्ट न्हाय का, टेकडीमागं, त्याच्या भिंतीला लागून रस्त्यावर हे एवढं मोठं कासव! आपण सोडली त्यातलं एक पण एवढं नव्हतं. पोट कसलं जड होतं. म्हटलं, अंडी असणार, बिचारीला लवकर पोचवू. बोटीतनं पार आतपर्यंत नेली, जाळ्याच्या खुंटांच्या पण पुढं. तुमच्यासारखं बोललो पण. जा गो बाय, घरी जा."

फ्लोरिन आतून बाहेर आली होती. तिने आर्थरकडे पाहिले आणि ती दाराला टेकली.

आर्थरने कापूस थुंकला. "मला तिथं ने."

"कुठं?"

"सोडलंस तिथं."

"मामा, दाढेबरोबर डोकं पण काढलं काय डॉक्टरने? दर्यात काय पाटी लावून ठेवली हाय?"

"ने म्हणतोय ना."

रॉनीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि आणखी थट्टा केली नाही. भरती होती म्हणून बोट लगेच निघाली. वाटेत आर्थर नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला उभा राहून पाण्याकडे बघत होता. जाळ्याचे खुंट मागे पडले तसे रॉनीने इंजिन हळू केले.

"इथंच कुठंतरी. पण ती आता कुठल्या कुठं गेली असेल. काय झालं ते सांगा तरी."

आर्थरने सांगितले. सगळेच सांगितले. सुरुची कधी आली, काय म्हणाली, फादरांनी किती वेळा खूण केली. मिठाचेही सांगितले. जबडा सुजलेला असल्याने शब्द नीट निघत नव्हते. दोनदा रॉनीला पुन्हा विचारावे लागले.

रॉनीने इंजिन बंद केले. बोट नुसती डुलत राहिली.

"ऑक्टोबरपासून तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मामा, मी रोज तुमच्याकडे येतोय. रोज चहा पितोय. चर्चमध्ये सांगायची लाज वाटली, समजलं. मला सांगायला काय होतं?"

गावाला सांगायचे म्हणजे भाषण, असे आर्थरच्या डोक्यात बसले होते. एकेकाला सांगता आले असते, हे त्याला त्या क्षणापर्यंत सुचलेच नव्हते.

"मी तिला हातांनी सोडली," रॉनी म्हणाला. "हात चावायला बघत होती. मी म्हटलं, घाबरू नको."

दोघांनी शोधले. पाण्यावर काही हलले की आर्थर बोट दाखवी. कधी तो प्लास्टिकचा डबा निघे, कधी नुसते लाकूड. तेवढ्या पाण्यात एक कासव शोधणे म्हणजे काय, हे दोघांनाही चांगले कळत होते. तरी ओहोटी लागेपर्यंत ते फिरत राहिले. परत येऊन बोट बांधून झाल्यावर रॉनीने दोर नीट गुंडाळला, हात पुसले आणि म्हणाला, "डिझेलचे चारशे ऐंशी झाले, मामा."

आजवर त्याने मामाकडून कधी डिझेलचे पैसे मागितले नव्हते.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर फादर शेन यांनी खूण केली नाही; ते थकले असावेत. आर्थर आपणहून उठून पुढे गेला. त्याला वाटले होते तसे काही झाले नाही. कोणी हसले नाही, कोणी रागावले नाही. त्याने सांगितले की आपण सोडलेली बहुतेक कासवे मेली, की ती तळ्यातली होती, की शेवटची मादी या आठवड्यात गेली. यापुढे असे कासव दिसले तर ते जवळच्या तळ्यात सोडा, असे सांगून तो थांबला. मागून कोणीतरी विचारले, "जवळचं तळं म्हणजे कुठलं?" आर्थरने टेकडीमागचे तळे सांगितले. बाजूचा माणूस म्हणाला, "ते राहणार हाय का? रिसॉर्टवाले मागताहेत ना?" तळे आता ज्याच्या नावावर होते तो फ्लोरिनचा भाऊ तिथेच होता. त्याने छताकडे पाहिले. बाहेर पडताना चारपाच जणांनी आर्थरच्या पाठीवर हात ठेवला. "तू चांगल्या मनानेच केलंस रे," ते म्हणाले. आर्थरला ते सगळ्यात जड गेले.

सुरुची जानेवारीत येऊन तळे पाहून गेली. पुन्हा दोनदा आली. नर आहे. मादी मिळाली नाही, ना तिथे, ना बेटावर दुसरीकडे कुठे. आर्थरने केलेल्या मातीच्या उतारावर कुणाच्या पावलांची खूण नव्हती. चेण्याकडून एखादी मादी आणता येईल का, म्हणून तिने रीतसर परवानगी मागितली आहे. तिने आर्थरला स्पष्ट सांगितले की परवानगी मिळेपर्यंत तळे शिल्लक असेल याची तिला खात्री नाही. असली कासवे फार वर्षे जगतात. म्हणजे हा नर बराच काळ एकटा राहील.

आर्थर अजून सकाळी तिथे जातो. सांगायला आता त्याला कोणाचाही संकोच वाटत नाही. बसस्टॉपवर, मासळी बाजारात, दवाखान्याच्या रांगेत तो ज्याला त्याला सांगतो. लोक ऐकून घेतात. हल्ली कासव कोणाला दिसतच नाही, त्यामुळे ऐकून करायचे असे काही उरलेले नाही. पोरे त्याला अजून कासवबाबाच म्हणतात. फ्लोरिनने पुढच्या पावसाळ्याआधी मासळीला मीठ लावले नाही. कारण विचारले तर म्हणाली, हात दुखतात.

रॉनी पूर्वीसारखा रोज येत नाही. सणाला येतो, फ्लोरिनशी बोलतो, चहा घेत नाही. आर्थर दोनदा त्याच्या घरी पैसे घेऊन गेला. दोन्ही वेळा रॉनी बोटीवर होता, आणि त्याच्या बायकोने ते तुम्हीच त्यांना द्या म्हणून सांगितले. डिझेलचे चारशे ऐंशी रुपये आर्थरकडून रॉनीला अजून येणे आहेत.